रिले (विद्युत उपकरण)

रिले हा विजेच्या साहाय्याने उघडझाप होणारा स्विच होय. एका विद्युत मंडलातील अल्प प्रवाहाने दुसऱ्या, बहुधा अधिक शक्तीच्या मंडलाची जोडणी करणे किंवा तोडणे हे त्याचे कार्य आहे. या दोन मंडलांचा एकमेकांशी विद्युत संबंध नसतो. त्यांच्यातील दुवा चुंबकीय व यांत्रिक असतो. स्वयंचलित नियंत्रण, यंत्रांचे संरक्षण, रेल्वे सिग्नल, दूरध्वनी केंद्रे आणि आरंभीचे संगणक अशा अनेक क्षेत्रांत रिलेचा वापर झाला असून त्यांपैकी बऱ्याच क्षेत्रांत तो आजही होतो.

रिलेचे बहुतेक महत्त्वाचे उपयोग पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या शेजारच्या तालुक्यांत पाहावयास मिळतात. काही अंतरापर्यंत भीमा नदी या दोन तालुक्यांची सीमा आहे. नदी, विहिरी, कूपनलिका आणि कालव्यांवरील कृषिपंप, रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती, साखर कारखाने, वीज उपकेंद्रे आणि दौंड हे मोठे रेल्वे जंक्शन या परिसरात आहे. म्हणून या लेखातील उदाहरणे मुख्यतः तेथील परिस्थितीला धरून दिली आहेत.

नाव व पूर्वपीठिका

लांबच्या प्रवासात ठरावीक टप्प्यांवर थकलेले घोडे सोडून ताजे घोडे जोडण्याच्या यूरोपातील पद्धतीवरून 'रिले' हे नाव आले. तारायंत्राचा संदेश लांब तारेतून जाताना क्षीण होत असे. तो पूर्ण मावळण्यापूर्वी एखाद्या ठाण्यावर त्याच्याकडून एक हलका स्विच हलवून घ्यावयाचा आणि त्या स्विचने पुढील तारेत नव्या बॅटरीचा प्रवाह सोडावयाचा, ही युक्ती म्हणजे संदेशासाठी घोडे बदलण्याचाच प्रकार होता. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास या तत्त्वावरील रचना करून दाखविली. इंग्लंडमध्ये एडवर्ड डेव्ही यांनी जवळजवळ त्याच काळात तारायंत्रासाठी अशी योजना केली, तर सॅम्युएल मोर्स यांच्या तारायंत्रामुळे ती सर्वत्र पसरली. अशा रीतीने रिलेचा जन्म संदेश पुढे नेण्यासाठी झाला. यंत्रांवर नियंत्रण ठेवण्याचे काम त्याच्याकडे नंतर आले.

रचना

साध्या विद्युतचुंबकीय रिलेमध्ये मऊ लोखंडाच्या गाभ्यावर तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते. गुंडाळीतून प्रवाह गेला की गाभा चुंबक बनतो आणि समोरील आर्मेचर नावाची लोखंडी पट्टी आपल्याकडे ओढतो. आर्मेचरला जोडलेला संपर्कबिंदू त्यामुळे एका स्थिर बिंदूपासून सुटून दुसऱ्याला टेकतो. प्रवाह थांबला की चुंबकत्व जाते आणि स्प्रिंग आर्मेचरला मूळ जागी आणते. गाभ्यासाठी पोलाद न वापरता मऊ लोखंड वापरण्याचे कारण हेच आहे. पोलाद चुंबकत्व धरून ठेवते, त्यामुळे प्रवाह तोडल्यानंतरही रिले ओढलेलाच राहण्याचा संभव असतो.

संपर्कांचे दोन प्रकार आहेत. गुंडाळीत प्रवाह नसताना सुटलेला असणारा संपर्क 'एनओ' आणि जुळलेला असणारा संपर्क 'एनसी' या नावांनी ओळखला जातो. मराठीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा येथे हमखास घोटाळा होतो. बोलण्यात 'स्विच बंद' म्हणजे वीज थांबलेली. परंतु विद्युतशास्त्रात संपर्क 'बंद' म्हणजे बिंदू टेकलेले व वीज वाहत असलेली. या लेखात त्याऐवजी 'जुळलेला' व 'सुटलेला' हे शब्द वापरले आहेत.

बाजारात सहज मिळणाऱ्या १२ व्होल्टच्या लहान रिलेच्या गुंडाळीचा रोध साधारण ४०० ओहम असतो. तिच्यातून ३० मिलिअँपिअर प्रवाह जातो, म्हणजे ०.३६ वॉट शक्ती खर्च होते. त्याचे संपर्क मात्र २५० व्होल्टला १० अँपिअरपर्यंतचा, म्हणजे २,५०० वॉटचा तापक भार हाताळू शकतात. नियंत्रक शक्ती आणि नियंत्रित शक्ती यांचे हे प्रमाण सुमारे एकास सात हजार पडते. मोटरसारख्या भारासाठी ही क्षमता पुष्कळच कमी धरावी लागते, कारण मोटर सुरू होताना अनेकपट प्रवाह घेते आणि तिचा प्रवाह तोडताना संपर्कांत ठिणगी उठते. अशा कामासाठी बनविलेल्या मजबूत, तीन फेज एकाच वेळी जोडणाऱ्या रिलेला कॉन्टॅक्टर म्हणतात. ठिणगीची झीज सोसावी म्हणून संपर्क चांदीच्या मिश्रणांचे केलेले असतात.

गुंडाळीतील प्रवाह एकदम तोडला असता तिच्यातील चुंबकीय ऊर्जा उलट दिशेचा मोठा विद्युतदाब निर्माण करते. १२ व्होल्टच्या गुंडाळीतही तो क्षणभर शेकडो व्होल्टपर्यंत चढू शकतो. ट्रान्झिस्टरने रिले चालविताना गुंडाळीला समांतर असा उलटा डायोड जोडतात तो याचसाठी. तो विसरल्यास ट्रान्झिस्टर जळतो. प्रयोगशाळेत हा धडा बहुतेक विद्यार्थी एखादा ट्रान्झिस्टर गमावून शिकतात.

ओढण्याचा व सुटण्याचा दाब

रिले ज्या दाबाला ओढला जातो त्याच दाबाला तो सुटत नाही. आर्मेचर दूर असताना मधल्या हवेच्या फटीमुळे चुंबकीय क्षेत्र दुर्बल असते. आर्मेचर गाभ्याला चिकटले की फट नाहीशी होते आणि फारच थोड्या प्रवाहात ते धरून ठेवता येते. वर उल्लेखिलेल्या १२ व्होल्टच्या रिलेला ओढण्यासाठी साधारण ९ व्होल्ट लागतात, पण दाब दीड व्होल्टच्याही खाली जाईपर्यंत तो सुटेलच याची खात्री नसते. या अंतरामुळे दाबातील बारीक चढउतारांनी रिले सतत उघडझाप करीत नाही.

प्रत्यावर्ती प्रवाहावरील कॉन्टॅक्टरमध्ये हे अंतर कमी असते. रोहित्रापासून लांबवर गेलेल्या वाहिनीच्या टोकाला दाब आधीच पडलेला असतो. तेथे मोटर सुरू होताच तो आणखी खाली येतो, कॉन्टॅक्टर सुटतो, भार गेल्यामुळे दाब पुन्हा वाढतो आणि संधी मिळाली तर कॉन्टॅक्टर पुन्हा ओढला जातो. पेटीतून येणारी खडखड ही या चक्राची खूण आहे. दर खेपेला ठिणगी पडून संपर्क वितळू लागतात आणि कधी एकमेकांना चिकटून बसतात. मग थांबविण्याचे बटण दाबूनही मोटर थांबत नाही. अशा वेळी मुख्य स्विचच पाडावा लागतो.

धारण मंडल

मोटर स्टार्टरला दोन बटणे असतात. हिरवे बटण दाबून सोडले तरी मोटर चालू राहते आणि लाल बटण दाबून सोडले तरी ती बंदच राहते. बटणावरचे बोट निघाल्यावरही दिलेली आज्ञा टिकते, ती रिलेच्या एका साध्या जोडणीमुळे. कॉन्टॅक्टरचाच एक लहान सुटलेला संपर्क हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो. बटण दाबताच कॉन्टॅक्टर ओढला जातो, त्याबरोबर हा संपर्कही जुळतो आणि कॉन्टॅक्टर स्वतःच्या गुंडाळीला स्वतःच वीज पुरवू लागतो. बोट काढले तरी मार्ग तुटत नाही. लाल बटण या मार्गात एकसर जोडलेले जुळलेले बटण असते. ते क्षणभर दाबले की साखळी तुटते. कारागिरांच्या बोलीत याला 'होल्डिंग' म्हणतात.

या मंडलाचा दुसरा गुण अधिक मोलाचा आहे. वीज गेली की कॉन्टॅक्टर सुटतो, धारण करणारा संपर्कही सुटतो आणि वीज परत आल्यावर मोटर आपोआप सुरू होत नाही. ती सुरू होण्यासाठी माणसाने पुन्हा बटण दाबावे लागते. जुन्या हँडलच्या स्टार्टरमध्येही 'नो-व्होल्ट कॉईल' हेच काम करते. वीज नसताना कोणी पट्टा चढवीत असेल, पंपाचा जोड आवळीत असेल किंवा विहिरीत उतरला असेल, तर वीज येताक्षणी यंत्र फिरू नये, अशी ही व्यवस्था आहे.

पाण्याची टाकी आपोआप भरण्याची योजना याच तत्त्वाचा विस्तार होय. टाकीत एक खूणकांडी खालच्या व दुसरी वरच्या पातळीवर ठेवतात. पाणी वीजवाहक असल्याने कांडी बुडाली की नियंत्रण मंडलात अतिशय अल्प प्रवाह वाहतो. पाणी खालच्या कांडीच्याही खाली गेले की पंप सुरू व्हावा आणि वरच्या कांडीला टेकल्यावर बंद व्हावा, अशी जोडणी करतात. मधल्या पट्ट्यात पाणी असताना पंपाने काय करावे, हे पातळीवरून ठरत नाही. आधी काय चालले होते यावरून ठरते. ही मागील स्थितीची आठवण धारण संपर्क ठेवतो. एकच कांडी वापरली तर पृष्ठभागावरील लाटांबरोबर पंप चालू-बंद होत राहील.

कृषिपंपाच्या पेटीतील रिले

कृषिपंप बहुधा तीन फेजच्या विजेवर चालतात. भीमा व घोड नद्यांच्या काठचा ऊस, चासकमान आणि घोड प्रकल्पांचे लाभक्षेत्र, खडकवासला कालव्याखालील दौंडचा भाग, या सर्व ठिकाणी विहिरीवर किंवा बांधावर पत्र्याची पेटी आणि तिच्यात स्टार्टर हे नित्याचे दृश्य आहे. या पेटीत कॉन्टॅक्टरखेरीज आणखी काही रिले असतात.

अतिभार रिलेमध्ये दोन वेगवेगळ्या धातूंच्या जोडपट्ट्या असतात. प्रवाह वाढला की त्या तापून वाकतात व कॉन्टॅक्टरचे मंडल तोडतात. प्रवाह जितका जास्त तितकी ही क्रिया लवकर घडते. मोटर सुरू होतानाचा काही सेकंदांचा वाढीव प्रवाह त्या सोसतात, मात्र सतत राहणारा थोडा अतिभारही काही मिनिटांनी ओळखतात. हा रिले 'सारखा पाडतो' म्हणून त्याची खूण मोटरच्या क्षमतेपलीकडे फिरवून ठेवण्याची प्रथा सर्वत्र आढळते. तसे केल्यावर रिले पेटीत असून नसल्यासारखा होतो आणि पुढे मोटरची वाइंडिंग जळते.

तीनपैकी एक फेज गेल्यास चालती मोटर थांबत नाही. तेवढेच काम उरलेल्या दोन फेजवर करताना त्यांतील प्रवाह सुमारे पावणेदोन पट होतो. बंद असलेली मोटर या स्थितीत फिरतच नाही, नुसती गुणगुणते आणि तापते. अतिभार रिले येथे कधीकधी उशिरा जागा होतो. म्हणून 'सिंगल फेज प्रिव्हेंटर' हा स्वतंत्र रिले बसवितात. तो तिन्ही फेजमधील असमतोल मोजतो आणि काही सेकंदांत कॉन्टॅक्टर सोडतो. फेजचा क्रम उलटला तर मोटर उलट फिरते व पंप फारसे पाणी देत नाही. तेही हा रिले ओळखू शकतो. रोहित्रावर दुरुस्ती झाल्यानंतर 'मोटर चालते पण पाणी येत नाही' असा अनुभव आला, तर प्रथम फेजक्रम पाहणे योग्य असते.

उन्हाळ्यात विहीर किंवा कूपनलिका उपसली गेली की पंप कोरडा फिरू लागतो. पाणबुडी मोटरचे बेअरिंग आणि वाइंडिंग पाण्यानेच थंड राहत असल्यामुळे हे तिला घातक असते. कोरड्या पंपाचे काम हलके होऊन मोटरचा प्रवाह नेहमीपेक्षा खाली येतो. ही घट ओळखून मोटर थांबविणारा 'ड्राय रन' रिले म्हणजे अतिभार रिलेचा उलटा भाऊ होय.

साधारण साडेसात अश्वशक्तीपासून पुढे स्टार-डेल्टा स्टार्टर वापरतात. त्यात वेळ मोजणारा रिले आधी मोटरची स्टार जोडणी करतो व काही सेकंदांनी ती डेल्टा करतो. स्टार जोडणीत वाहिनीवरील आरंभीचा प्रवाह डेल्टाच्या एकतृतीयांश राहतो. दोन्ही कॉन्टॅक्टर एकाच वेळी ओढले गेल्यास तिन्ही फेज एकमेकांना भिडतील. ते टाळण्यासाठी प्रत्येकाचा जुळलेला संपर्क दुसऱ्याच्या गुंडाळीच्या मार्गात घातलेला असतो. एक ओढला गेला की दुसऱ्याची वाट तुटते. या अडसराला इंटरलॉक म्हणतात.

ऑटो स्विच

ग्रामीण महाराष्ट्रात 'ऑटो' या सुटसुटीत नावाने ओळखला जाणारा रिले वीज येताच पंप आपोआप सुरू करतो. तिन्ही फेज आल्या आहेत हे पाहून तो हिरव्या बटणाला समांतर असलेला आपला संपर्क जुळवितो; म्हणजे बोटाचे काम करतो. विद्युतदृष्ट्या ही किरकोळ भर आहे, परंतु तिच्यामुळे धारण मंडलाचा वर सांगितलेला दुसरा गुण नाहीसा होतो.

ऑटोचा प्रसार निष्काळजीपणातून झालेला नाही. महाराष्ट्रात कृषिवाहिन्यांना तीन फेज वीज दिवसातील ठरावीक तासच मिळत आली असून ती पाळी काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री असते. रात्रीच्या पाळीत वीज मध्येच गेली आणि परत आली, की बटण दाबण्यासाठी वस्तीवरून विहिरीपर्यंत पुन्हा जावे लागते. उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर असलेल्या जुन्नर वनविभागात शिरूर तालुकाही येतो. बिबट्या, साप आणि अंधारातील ओले बांध यांच्यामुळे ही फेरी जिवावरची ठरू शकते. कालव्याचे आवर्तन चालू असताना पाण्याचे मोजके दिवस हातचे घालविणेही परवडत नाही. शेतकऱ्यांची दिवसा विजेची मागणी आणि ऑटोचा प्रसार यांच्यामागे एकच कारण आहे.

दुसरी बाजू रोहित्राची आहे. समजा, १०० केव्हीए क्षमतेच्या एका रोहित्रावर पाच अश्वशक्तीचे पंधरा पंप आहेत. प्रत्येक पंप चालू स्थितीत सुमारे साडेसात अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे एकूण भार सुमारे ११२ अँपिअर होतो. रोहित्राची क्षमता सुमारे १३३ अँपिअर असल्याने हा भार ते पेलू शकते. पण सुरू होताना प्रत्येक मोटर सुमारे सहापट प्रवाह घेते. माणसे आपापल्या सवडीने बटणे दाबतात तेव्हा हे आरंभीचे प्रवाह आपोआप वेगवेगळ्या वेळी विखुरले जातात. पंधराही पेट्यांत ऑटो असेल तर वीज येताच ते एकत्र पडतात आणि मागणी ६७५ अँपिअरच्या आसपास, क्षमतेच्या पाचपट जाते. दाब कोसळतो, कोसळलेल्या दाबात मोटरी वेग घेऊ शकत नाहीत, म्हणून हा मोठा प्रवाह अधिक काळ टिकतो. फ्यूज उडतो किंवा रोहित्र तापते. एका वाहिनीवर अशी अनेक रोहित्रे असतात. त्यांचा एकत्रित भार उपकेंद्रातील अतिप्रवाह रिलेपर्यंत पोचला तर वाहिनीच पडते. ती पुन्हा सुरू केली की सर्व ऑटो पुन्हा जागे होतात. रोहित्र जळाल्यास त्यावरील सगळ्यांचेच पाणी, नवे रोहित्र येईपर्यंत, थांबते. एकट्याने पाहता शहाणपणाची असलेली सोय सर्वांनी केल्यावर सर्वांच्या मुळावर येते, ती अशी.

म्हणूनच ऑटो स्विच काढून टाकावेत व पंपांना कपॅसिटर बसवावेत, असे आवाहन महावितरण वारंवार करीत असते. कपॅसिटरमुळे मोटरला लागणाऱ्या चुंबकीकरणाच्या प्रवाहाचा काही भाग जागीच पुरविला जाऊन वाहिनीवरील भार हलका होतो. तांत्रिकदृष्ट्या ऑटोमध्ये विलंब घालणे हाही उपाय आहे. वीज आल्यावर एका पंपाने वीस सेकंदांनी, दुसऱ्याने चाळीस सेकंदांनी सुरू व्हावे अशी वेळ लावता येते. मात्र हे विलंब परस्परांहून भिन्न असले पाहिजेत. कारखान्यातून आलेली एकच वेळ सर्व पेट्यांत कायम राहिली, तर गर्दी टळत नाही, केवळ काही सेकंद पुढे जाते. एका रोहित्रावरील शेतकऱ्यांनी आपापसांत क्रम ठरविला, तरच या रिलेचा खरा उपयोग होतो.

सुरक्षिततेचा मुद्दा याहून गंभीर आहे. ऑटो असलेली मोटर थांबलेली दिसली तरी ती थांबलेली नसते, विजेची वाट पाहत असते. अशा पंपाला हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच पाडून फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवणे अत्यावश्यक असते.

पुढील टप्पा मोबाइल स्टार्टरचा आहे. पुण्यातील अभियंते संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेले 'नॅनो गणेश' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. स्टार्टरला जोडलेल्या या उपकरणात मोबाइलचे सिमकार्ड असते. दूरध्वनीवरून आकडा दाबून पंप चालू-बंद करता येतो आणि वीज आहे की नाही हेही कळते. त्याला २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या नवकल्पनांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पारितोषिक मिळाले. अशा उपकरणाच्या शेवटीही एक लहान रिलेच बटणाच्या जागी असतो. फरक असा, की विहिरीपर्यंतची फेरी वाचूनही पंप सुरू करण्याचा निर्णय माणसाकडेच राहतो आणि सर्व पंप एकाच क्षणी सुरू होत नाहीत. २०१७ पासून राबविल्या जाणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश कृषिवाहिन्यांना दिवसा वीज देणे हा असून, ती जेथे पोचते तेथे रात्रीच्या फेरीची गरजच कमी होते.

रेल्वे सिग्नल

वीज गेल्यावर रिलेने कोणत्या स्थितीत जावे, या प्रश्नाचा सर्वांत काटेकोर विचार रेल्वेने केला आहे. दौंड येथे पुणे–सोलापूर मार्गाला मनमाडचा मार्ग मिळतो आणि बारामतीचा फाटाही तेथूनच निघतो. अशा जंक्शनवर कोणता रूळ रिकामा आहे आणि कोणत्या गाडीला कोठून वाट द्यावयाची, हे केवळ डोळ्यांनी पाहून ठरविता येत नाही.

रुळावर गाडी आहे की नाही हे ओळखण्याची क्लासिक पद्धत म्हणजे ट्रॅक सर्किट. अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन यांनी तिचे पेटंट १८७२ मध्ये घेतले. रुळांचा एक तुकडा शेजारच्या तुकड्यांपासून विसंवाहक सांध्यांनी अलग करतात. त्याच्या एका टोकाला दोन रुळांमध्ये कमी दाबाचा विद्युतस्रोत आणि दुसऱ्या टोकाला रिले जोडतात. रूळ रिकामा असताना प्रवाह रुळांतून रिलेपर्यंत पोचतो आणि रिले ओढलेला राहतो. गाडी आली की तिचे आस व चाके दोन रुळांना जोडतात, प्रवाह तेथूनच परत फिरतो, रिले सुटतो आणि सिग्नल लाल होतो. बॅटरी संपली, तार तुटली किंवा रूळच तुटून अलग झाला, तरीही रिले सुटतो व सिग्नल लालच होतो. म्हणजे बिघाड आणि गाडी यांचा अर्थ ही यंत्रणा एकच लावते. गाडी विनाकारण खोळंबते, पण धोक्यात जात नाही. शेतातल्या ऑटोची वृत्ती नेमकी याच्या विरुद्ध असते.

सिग्नलसाठीच्या रिलेची घडणही वेगळी असते. आर्मेचर परत येण्यासाठी केवळ स्प्रिंगवर विसंबत नाहीत; स्प्रिंग तुटू शकते, गुरुत्वाकर्षण तुटत नाही, म्हणून आर्मेचर स्वतःच्या वजनाने खाली पडेल अशी रचना करतात. महत्त्वाच्या संपर्कांत एक बाजू धातूची व दुसरी कार्बनची ठेवतात, त्यामुळे ते वितळून चिकटत नाहीत. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर इंजिनाचा परतीचा प्रवाह रुळांतूनच जात असल्याने, त्या प्रत्यावर्ती प्रवाहाने फसणार नाहीत असे खास रिले लागतात. मोठ्या स्थानकांत शेकडो रिले एकत्र गुंफून 'रूट रिले इंटरलॉकिंग' तयार होते. अधिकाऱ्याने फलकावर मार्ग निवडला की सांधे योग्य दिशेला वळून कुलूपबंद झाल्याशिवाय आणि परस्परविरोधी मार्ग अडल्याशिवाय सिग्नल हिरवा होऊच शकत नाही. नव्या कामांत हे तर्क आता इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगमधील संगणक करतात आणि ट्रॅक सर्किटच्या जोडीला आस मोजणारी उपकरणे आली आहेत.

उपकेंद्रांतील संरक्षण

वीज उपकेंद्रातील रिले स्वतः वाहिनी तोडत नाहीत. ते प्रवाह व दाब मोजून दोष ओळखतात आणि सर्किट ब्रेकरला तोडण्याची आज्ञा देतात. अतिप्रवाह रिलेची वेळ अशी लावलेली असते, की दोषाच्या सर्वांत जवळचा ब्रेकर आधी पडावा व मागचा थोडा थांबावा. एका शिवारात तार तुटली म्हणून सारा तालुका अंधारात जाऊ नये. जुन्या उपकेंद्रांत फिरत्या चकतीचे रिले होते, त्यांची जागा आता सूक्ष्मप्रक्रियकावर चालणाऱ्या रिलेंनी घेतली आहे. मोठ्या तेलभरित रोहित्रांवरील बुखोल्त्झ रिले मात्र निराळाच आहे. आतील दोषामुळे तेलाचे विघटन होऊन निघणारा वायू त्याच्या लहान टाकीत साठतो, तेलाची पातळी खाली जाते आणि तरंग झुकून संपर्क जुळतो. जर्मन अभियंता माक्स बुखोल्त्झ यांनी तो १९२१ मध्ये तयार केला.

कारखाने आणि तर्कमंडले

दोन संपर्क एकसर जोडले तर दोन्ही जुळल्यावरच प्रवाह वाहतो. समांतर जोडले तर कोणताही एक पुरतो. आणि एनसी संपर्क गुंडाळीच्या आज्ञेच्या उलट वागतो. 'आणि', 'किंवा' व 'नाही' या तीन तर्कक्रिया त्यातून मिळतात. क्लॉड शॅनन यांनी १९३७ मध्ये एमआयटीतील आपल्या पदव्युत्तर प्रबंधात रिलेंच्या जाळ्यांना बूलीय बीजगणित लागू पडते हे दाखविले आणि अंकीय संगणकाच्या सिद्धांताचा पाया घातला. जर्मनीत कोनराड त्सुझे यांनी १९४१ मध्ये पूर्ण केलेला झेड३ हा संगणक सुमारे दोन हजारांहून अधिक रिलेंचा होता. सप्टेंबर १९४७ मध्ये हार्वर्ड मार्क २ या संगणकाच्या एका रिलेत पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटविण्यात आला, ही गोष्ट संगणकातील 'बग'च्या संदर्भात नेहमी सांगितली जाते. बिघाडासाठी तो शब्द मात्र त्याच्याही आधीपासून रूढ होता.

साखर कारखान्यात ऊस गव्हाणीपासून गाळपापर्यंत एकामागून एक वाहकपट्ट्यांवरून जातो. पुढचा पट्टा थांबला आणि मागचा चालू राहिला तर काही मिनिटांत उसाचा ढीग साचून यंत्र अडते. म्हणून पुढच्या पट्ट्याच्या कॉन्टॅक्टरचा संपर्क मागच्याच्या मार्गात घालतात. पट्टे सुरू करताना शेवटच्यापासून उलट क्रमाने का सुरू करावे लागतात, हे या जोडणीवरून कळते. रांजणगाव व कुरकुंभच्या कारखान्यांत अशा साखळ्या मुख्यतः पीएलसी या नियंत्रक संगणकात लिहिलेल्या असतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील मोटार उद्योगात रिलेंची प्रचंड कपाटे हटविण्यासाठी पीएलसीचा जन्म झाला. तरीही त्यावरील लिखाण शिडीसारख्या रिले-आकृतीतच करण्याची सोय ठेवली गेली, कारण कारागिरांना तीच भाषा येत होती. आयटीआयमध्ये वायरमन व इलेक्ट्रिशियनचे विद्यार्थी आजही ती शिकतात.

घन अवस्था रिले

ट्रायॅक किंवा थायरिस्टरवर आधारलेल्या घन अवस्था रिलेत हलणारा भाग नसतो. तो आवाज करीत नाही, त्याचे संपर्क झिजत नाहीत आणि तो सेकंदात अनेक वेळा उघडझाप करू शकतो; भट्टीचे तापमान नेमके राखण्यासाठी तो सोयीचा आहे. मात्र चालू असताना त्यावर सुमारे एक-दीड व्होल्ट दाब पडून उष्णता निर्माण होते, आणि 'बंद' असतानाही त्यातून थोडा प्रवाह झिरपतो. तो बिघडतो तेव्हा बहुधा जुळलेल्या स्थितीत अडकतो. त्यामुळे माणसाने हात घालावयाच्या यंत्रात केवळ त्याच्या भरवशावर वीज तोडली असे मानत नाहीत. त्याच्या मागे कॉन्टॅक्टर किंवा हाताने पाडावयाचा स्विच ठेवतात.